इंग्रजीतली परवानगी आणि आपला जोहार

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला झोपेतून उठवले तरी एक इंग्रजी वाक्य तो बिनचूक म्हणून दाखवील : ‘मे आय कम इन, सर?’ आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून आले. पण पाचवी असो की पहिली, तोंडात बसणारे पहिले वाक्य हेच. ‘मेआयकमिन’ हा एकच शब्द आहे असे आम्हां पोरांना कितीतरी दिवस वाटत असे. त्याच्या जोडीला ‘मे आय ड्रिंक वॉटर?’ आणि करंगळी वर करून म्हणायचे तिसरे. म्हणजे इंग्रजी भाषा आपल्या जिभेवर आली ती मुळी परवानगी मागतच आली.

पुढे मात्र गाडी तिथेच अडते. दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकलेला मुलगा बँकेत शेजारच्या माणसाकडे पेन मागताना ‘गिव्ह मी पेन’ म्हणतो, आणि तोच मुलगा नोकरीत लागल्यावर रजेच्या अर्जात ‘आय मोस्ट हम्बली अँड रिस्पेक्टफुली बेग’ असे लिहितो. एक तर हुकूम, नाही तर लोटांगण. या दोहोंच्या मधला रस्ता त्याला कोणी दाखवलेलाच नसतो.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम. इंग्रजीचे पंडित नव्हे. पण वस्तीतल्या समाजमंदिरात दर रविवारी आम्ही काही मित्र दहावी-बारावीच्या मुलामुलींना शिकवतो, आणि तिथे हा मधला रस्ता शोधावा लागला. तो आपल्या घरातल्या आईबापांनाही ठाऊक असावा म्हणून हे लिहीत आहोत. आई शिकलेली नसली तरी हरकत नाही. ती मराठीत हे सगळे रोजच करत असते, हे पुढे दिसेलच.

आधी आपल्या मराठीकडे पाहू. ‘आत येऊ का?’ या तीन शब्दांत परवानगी पूर्ण झाली. प्लीज नाही, थँक्यू नाही, तरी त्यात उद्धटपणा नाही. आपली अदब क्रियापदाच्या शेपटात असते, सर्वनामात असते. ‘सरक’, ‘सरका’, ‘सरकता का’, ‘जरा सरकाल का’ अशी ती चढत जाते. प्लीजला ‘कृपया’ हा शब्द शाळेत शिकवतात; पण तो रेल्वे स्टेशनवरच्या बाईंचा शब्द आहे. ‘आई, कृपया भाकर वाढ’ असे कोणत्या घरात म्हणतात? आपला खरा प्लीज म्हणजे ‘जरा’. ‘जरा बघू?’ ‘जरा बसू का?’

इंग्रजीत तू, तुम्ही, आपण हा भेदच नाही. सगळ्यांना एकच ‘यू’. पूर्वी त्यांच्याकडेही ‘दाऊ’ हा ‘तू’ होता, घरातल्या आणि खालच्या माणसासाठी. आणि ‘यू’ हा ‘तुम्ही’ होता. पुढे तीनएकशे वर्षांपूर्वीपर्यंत रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ जवळजवळ गेला आणि ‘यू’ उरला. याचा अर्थ इंग्रजांनी सर्वांना ‘तू’ केले असा नव्हे, तर सर्वांना ‘तुम्ही’ केले. साहेबही यू आणि शिपाईही यू. ज्यांच्या आजोबांना गावातले शेंबडे पोरसुद्धा अरे-तुरे करत असे, त्यांना या एका शब्दाचे मोल वेगळे सांगायला नको.

पण सर्वनामातली पायरी गेली की अदब दुसरीकडे कुठेतरी ठेवावी लागते. इंग्रजीने ती ‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’, ‘वुड’ या छोट्या सहाय्यक क्रियापदांत ठेवली. आपली मुले ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’ एवढे पाठ करतात आणि अदब झाली असे समजतात. म्हणून त्यांचे ‘गिव्ह मी पेन’ ऐकणाऱ्याला खडा लागल्यासारखे लागते. मुलाच्या मनात उद्धटपणा नसतो. त्याने मनात ‘जरा पेन देता का?’ असेच म्हटलेले असते. ‘जरा’ आणि ‘का’ भाषांतरात गळून पडले इतकेच.

आता ‘कॅन’ आणि ‘मे’ यांचे जुने भांडण. ‘कॅन’ म्हणजे शक्ती, ‘मे’ म्हणजे परवानगी, असे आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत असते. इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांतही ‘कॅन आय गो टू द टॉयलेट?’ असे विचारणाऱ्या पोराला ‘आय डोन्ट नो, कॅन यू?’ असा टोमणा मारणारे मास्तर पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले. गंमत म्हणजे ‘मे’चा मूळ अर्थ बळ असणे, आणि ‘कॅन’चा मूळ अर्थ माहीत असणे. परवानगीचा अर्थ दोघांनाही नंतर चिकटला. आज इंग्रज माणूस घरात, दुकानात, मित्रांत सर्रास ‘कॅन आय’ म्हणतो आणि त्यात चूक काही नाही. ‘कुड आय’ त्याहून मऊ. अनोळखी माणसाशी, कचेरीत, टेलिफोनवर हाच घ्यावा. ‘मे आय’ सर्वांत औपचारिक. मुलाखतीच्या दाराशी, सभेत, वयस्क माणसापुढे शोभतो. मित्राकडे ‘मे आय टेक युवर पेन?’ म्हटले तर तो हसेल, बाकी काही नाही. आम्ही मुलांना सांगतो, घाबरलात तर ‘कुड आय’ धरा. तो कुठेही अंगाबाहेर दिसत नाही.

जाता जाता एक तक्रार. इंग्रजी शाळेतली आपली मुले आता मराठीत ‘मी पाणी पिऊ शकते का?’ असे विचारू लागली आहेत. बाळ, तुला घसा आहे, तू पिऊ शकतेस! ‘पाणी पिऊ का?’ एवढे पुरे. इंग्रजी शिकावे, पण ते मराठीच्या डोक्यावर बसवू नये.

आता ज्या वाक्याला मुले सर्वांत भितात ते घेऊ. ‘वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो?’ मुले दोन शंका काढतात. पहिली : खिडकी अजून उघडलेली नाही, मग ‘ओपन्ड’ हा भूतकाळ कशाला? दुसरी : याला ‘येस’ म्हटले तर उघडायची की नाही?

आम्ही फळ्यावर शेजारी मराठी वाक्य लिहिले : ‘मी खिडकी उघडली तर तुमची काही हरकत आहे का?’ आणि विचारले, ‘उघडली’ हा कोणता काळ? वर्ग गप्प. मग एक मुलगी म्हणाली, ‘सर, आपण पण भूतकाळच वापरतो!’ अगदी तसेच. ‘मी इथे बसलो तर चालेल का?’ असे आपण उभे राहूनच विचारतो. जे इंग्रजीत कठीण म्हणून पाठ करायचे, ते आपल्या आजीच्या बोलण्यात आहे. दुसरी शंकाही याच वाक्याने सुटते. ‘हरकत आहे का?’ याला ‘नाही’ म्हणजे उघडा. तसेच ‘नो, नॉट ॲट ऑल’ म्हणजे खुशाल उघडा. ‘माइंड’ म्हणजे मन असे पाठ केल्यामुळे सगळा घोटाळा होतो. इथे ‘माइंड’ म्हणजे हरकत, एवढे वहीत लिहून ठेवावे. एक बारकावा आहे : ‘वुड यू माइंड’ला ‘ओपन्ड’, पण ‘डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?’ यात साधा वर्तमान. दुसरे जरा कमी औपचारिक.

भूतकाळाने अदब वाढते ही खूण एकदा पटली की पुष्कळ कुलपे उघडतात. गावाकडचा माणूस आमच्या टेबलाशी येऊन काय म्हणतो? ‘साहेब, एक काम होतं.’ काम होऊन गेले आहे का? नाही, ते हातात कागद घेऊन समोर उभे आहे. तरी ‘होतं’. कारण ‘आहे’ म्हटले तर अंगावर आल्यासारखे होते. ‘होतं’ म्हटले की समोरच्याला थोडी जागा मिळते. इंग्रज हेच करतो. ‘आय वॉन्टेड टु आस्क समथिंग’ म्हणजे ‘जरा विचारायचं होतं’. ‘आय वॉज वंडरिंग इफ आय कुड लीव्ह अर्ली टुडे’ म्हणजे ‘आज जरा लवकर निघता आलं असतं तर...’ कॅनचा कुड आणि विलचा वुड होतो तोही याच न्यायाने.

वाक्य केवढे लांबवावे? काम जेवढे मोठे आणि ओळख जेवढी कमी, तेवढे लांब. आपल्या वस्तीतल्या बायका हे शास्त्र कोळून प्यायल्या आहेत. घरात मुलीला ‘साखर आण’. शेजारी मात्र ‘वहिनी, वाटीभर साखर असेल का? पाहुणे आलेत, संध्याकाळी आणून देते.’ यात मागणे कुठे आहे? नुसते ‘असेल का’ आहे, त्यामागे कारण आहे आणि परतफेडीचा शब्द आहे. इंग्रजीतही एवढेच करायचे : ‘कुड आय बॉरो युवर नोट्स? आय वॉज ॲबसेंट यस्टर्डे. आय विल रिटर्न देम टुमॉरो.’ तीन लहान वाक्ये. ‘काइंडली प्लीज सर रिक्वेस्ट यू’ अशी माळ ओवायची गरज नाही. ‘काइंडली’ आणि ‘प्लीज’ एका वाक्यात घालणे म्हणजे एका माणसाला दोन टोप्या घालणे.

उत्तर देतानाही एक खड्डा आहे. ‘कुड आय सिट हिअर?’ याला ‘येस, यू कुड’ म्हणत नाहीत. कुड मागण्यासाठी, देताना ‘येस, यू कॅन’ किंवा ‘येस, ऑफ कोर्स’. ‘येस, यू मे’ बरोबर आहे, पण त्यात मास्तरकीचा वास येतो.

आता ‘आय बेग’कडे येऊ. न्यायाने बोलायचे तर हा शब्द मुळात गुलामीचा नव्हता. इंग्रज आपसांतही ‘आय बेग टु इन्फॉर्म यू’ असे लिहीत. मोठमोठे अंमलदार एकमेकांना पत्राखाली ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ अशी सही करत, आणि कोणी कोणाचा नोकर नसे. ‘आय बेग युवर पार्डन’ तर आजही चालते. तो एक साचा होता. त्यांनी तो बदलला, साधा केला. आपल्या अर्जनमुन्यांच्या पुस्तकांत मात्र तो शिळा होऊन राहिला. आणि ज्यांच्या मागच्या पिढ्यांना पाटलाच्या वाड्यासमोर दूर उभे राहून जोहार घालावा लागत होता, त्यांच्या नातवाने कॉम्प्युटरवर ‘आय बेग’ टंकावे, हे आम्हाला पाहवत नाही. जोहार टाकून आपण जय भीम घेतला. मग इंग्रजीत मागच्या दाराने तो परत का आणावा? रजेचा अर्ज विनंतीचाच असतो, हे खरे. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांत तर रजा हक्क म्हणून मागता येत नाही असे स्पष्टच म्हटले आहे. पण विनंती ताठ मानेने करता येते : ‘आय रिक्वेस्ट टू डेज लीव्ह, ऑन द फोर्थ अँड फिफ्थ.’ कारण एका ओळीत. खाली ‘युवर्स फेथफुली’ आणि सही. आम्ही रोज ‘मान्यतेस्तव सादर’ अशा टिप्पण्या लिहितो. त्यात अदब पुरेपूर आहे, पण गुडघे टेकलेले नाहीत.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. परवानगी कशी मागावी हे शिकताना ती कुठे मागायचीच नाही, हेही शिकले पाहिजे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही बाबासाहेबांच्या आठवणींची पुस्तिका १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केली. व्हिसा म्हणजे तरी काय, परवानगीचा कागद. त्यात शाळेतल्या नळाची आठवण आहे. इतर मुलांना तहान लागली तर मास्तरांची परवानगी पुरे. नळावर जावे, पाणी प्यावे. भीमरावाला मात्र मास्तरांची परवानगी पुरत नव्हती. त्याने नळाला हात लावायचा नाही. शिपायाने येऊन नळ सोडला तरच पाणी, आणि शिपाई नसला की तहानेने बसायचे. आज पाचवीतला आपला पोरगा ‘मे आय ड्रिंक वॉटर?’ म्हणून उड्या मारत नळावर जातो, तेव्हा ते वाक्य आम्हाला फार गोड वाटते. कारण ते सगळ्या वर्गासाठी एकच आहे.

पण पाणी प्यायला वर्ग सोडून जाण्याची परवानगी ही एक गोष्ट, आणि आपल्याच मालकीची वस्तू मागणे ही दुसरी. दोन वर्षांपूर्वी आमच्या शिकवणीतल्या एका मुलीचे वडील एका खासगी रुग्णालयात होते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे म्हणून केस पेपरची नक्कल हवी होती. खिडकीवरच्या बाई इंग्रजीशिवाय बोलत नव्हत्या. मुलीने शिकवल्याप्रमाणे विचारले, ‘मॅडम, मे आय गेट द पेपर्स, प्लीज?’ बाई म्हणाल्या, ‘नो.’ मुलगी ‘ओके मॅडम, थँक यू’ म्हणून परतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संध्याकाळी ती आमच्याकडे आली ती रडतच. वडिलांचे ऑपरेशन करायचे की नाही हे त्या कागदांवर अडले होते.

तिचे वाक्य निर्दोष होते. अडचण अशी की परवानगीच्या प्रश्नाला ‘नाही’ हे रीतसर उत्तर आहे; प्रश्नच त्याला जागा करून देतो. आणि इथे परवानगीचा प्रश्न नव्हताच. डॉक्टरांच्या आचारसंहितेची २००२ ची नियमावली आहे. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्या तर मागणीची पोच देऊन ७२ तासांत कागद द्यावेत, असे तीत आहे. आम्ही रात्री बसून चार ओळींचा अर्ज केला, वडिलांची सही घेतली, आणि मुलीकडून दोन वाक्ये घोटून घेतली. ‘गुड मॉर्निंग. आय वुड लाइक अ कॉपी ऑफ माय फादर्स केस पेपर्स, प्लीज. हिअर इज द ॲप्लिकेशन. कुड आय हॅव ॲन ॲक्नॉलेजमेंट?’

यातला ‘आय वुड लाइक’ नीट पाहावा. त्यात वुड आहे म्हणजे अदब आहे, प्लीजही आहे. पण ते विधान आहे, प्रश्न नाही. ‘मला हवे आहे’ असे ते नम्रपणे सांगते. पोचेसाठी मात्र ‘कुड आय हॅव’, कारण तिथे समोरच्या माणसाला हात हलवायला लावायचे आहे. बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला, आत गेल्या, शिक्का मारून आणला. तिसऱ्या दिवशी कागद मिळाले. मुलगी एकदाही आवाज चढवून बोलली नव्हती.

माहिती अधिकाराच्या अर्जाचेही तसेच. २००५ च्या कायद्याप्रमाणे अर्जदाराला माहिती कशासाठी हवी याचे कारण द्यावे लागत नाही, आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. तरीही आपले कार्यकर्ते त्यात ‘कृपावंत होऊन’ वगैरे लिहितात आणि खाली पानभर कारणे देतात. साखर मागताना कारण द्यावे, तो शेजारधर्म आहे. इथे देऊ नये. रिझर्व्हेशनच्या डब्यात आपल्या जागेवर कोणी बसले असेल तर ‘मे आय सिट हिअर?’ नव्हे, ‘एक्सक्यूज मी, आय थिंक धिस इज माय सीट.’ ‘आय थिंक’ ही अदब, ‘माय सीट’ हा हक्क. दोन्ही एकाच वाक्यात सुखाने नांदतात.

उलट, जिथे खरोखर मागायला हवे तिथे आपली मुले गप्प बसतात. मुलाखतीत प्रश्न कळला नाही तर मान खाली. अरे, ‘कुड यू रिपीट द क्वेश्चन, प्लीज?’ म्हण. उत्तर सुचायला वेळ हवा असेल तर ‘मे आय टेक अ मोमेंट?’ म्हण. आम्ही पाहिले आहे, शहरातल्या मोठ्या कॉलेजातली मुले हे सहज म्हणतात आणि कोणी त्यांचे गुण कापत नाही. आत गेल्यावर बसा म्हणेपर्यंत क्षणभर थांबावे. म्हणाले तर ‘थँक यू’, विसरले तर ‘मे आय सिट डाउन?’ एकदा. प्रत्येक वाक्याला ‘सर, सर’ लावू नये.

आणि नकार आला तर? इंग्रज सरळ ‘नो’ क्वचित म्हणतो. तो म्हणतो, ‘आय ॲम अफ्रेड दॅट इज नॉट पॉसिबल.’ आमच्या एका विद्यार्थ्याला वाटले साहेब घाबरला! तो घाबरलेला नसतो. ‘माफ करा, जमणार नाही’ एवढाच त्याचा अर्थ. त्यावर ‘ओके, थँक यू’ म्हणून मागे फिरू नये. लगेच विचारावे : ‘व्हेन कुड आय कम बॅक?’ किंवा ‘हू कुड आय स्पीक टु?’ सध्या रविवारी याच दोन वाक्यांचा सराव चालू आहे. एकाने खिडकीतला साहेब व्हायचे आणि काही केल्या ‘हो’ म्हणायचे नाही. दुसऱ्याने तीन वेळा, आवाज न चढवता आणि न वाकता, वेगळ्या वाक्यांत विचारायचे. साहेब व्हायला सगळे धावतात. खिडकीबाहेर उभे राहायला अजून चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.